चार पदरांचा आवाज

युट्रेख्टमधल्या आमच्या गल्लीत नको झालेली वस्तू फुटपाथवर ठेवतात आणि वर कागद चिकटवतात, ‘घेऊन जा’. करोनाच्या पहिल्या वसंतात सगळे घरात कोंडले गेले आणि सगळ्यांना एकदमच माळे आवरायची हुक्की आली. दोन आठवड्यांत फुटपाथवर संसार मांडल्यासारखं झालं. खुर्च्या, कुंड्या, बर्फावरचे बूट, एक अख्खा पाळणा. त्यातच एका सकाळी तळमजल्यावरच्या आजींचं शिवणयंत्र आलं. काळं, बिडाचं, मागे मोटर बसवलेलं. जिन्यातून वर आणताना माझी कंबर बोलली.

“हे कशाला?” बायको म्हणाली. “तुला शर्टाचं बटण लावता येत नाही.”

खरंच होतं ते. मी आयटीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचा मला पगार मिळतो, बनवण्याशी माझा काही संबंध नाही. पण यंत्राबरोबर एक पत्र्याचा डबा होता, आणि समोर बंद डबा असला की मला स्वस्थ बसवत नाही. लहानपणापासूनची खोड आहे ती.

डब्यात सुया होत्या, बॉबिना होत्या, गंजलेली कात्री होती. आणि तळाशी ती वस्तू. अंगठ्याएवढी, चकचकीत पत्र्याची, इंग्रजी एस अक्षरासारखी दोन्हीकडून आत वळलेली. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. खाली चपटा पाय आणि त्याला स्क्रूचं भोक. धार नाही, स्प्रिंग नाही, हलणारा एकही भाग नाही. म्हणजे ही वस्तू स्वतः काहीच करत नाही, नुसती बसून असते. तरी कुणीतरी ती इतक्या निगुतीने घडवली होती की वळणाच्या आतून नख फिरवलं तरी कुठे अडत नव्हतं. मी ती दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

“करंजीचं कातणं असेल,” बायको म्हणाली. मी फोटो काढून इंटरनेटवर टाकला, तर त्याने मला पडद्याचे हुक आणि गोगलगायी दाखवल्या. ज्या गोष्टीचं नावच माहीत नाही ती शोधणार तरी कशी? शेवटी आजींच्या दाराची बेल वाजवून नियमाप्रमाणे दीड मीटर मागे उभा राहिलो. आजींनी चष्म्यावरून वस्तूकडे पाहिलं. “पन्नास वर्षं डब्यात आहे. मी कधी वापरली नाही. माहितीपुस्तक जर्मन भाषेत होतं आणि युद्ध पाहिल्यावर मला जर्मन वाचायची इच्छा नव्हती.” एवढं सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

विचारायला एकच माणूस उरलं होतं, आणि तिलाच विचारायची चोरी होती. ती म्हणजे माझी आई.

मनमाडला विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. वडील रेल्वेत खलाशी होते, आता नाहीत. आई घरात मशीन चालवायची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, पोरांचे गणवेश, उशांचे अभ्रे. आणि दर वैशाखात, बुद्धपौर्णिमेला विहारावर चढवायचा पंचशील ध्वज. उन्हावाऱ्यात वर्षभरात झेंडा विटतो, म्हणून दर पौर्णिमेला नवा. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं, पण ते तिचंच होतं, आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला तिला खपला नसता. मला मात्र मशीनला शिवायची बंदी. “मी बसलेय ना यावर? मग तू पुस्तकावर बस.” बॉबिन जरी खेळायला घेतली तरी तिचा आवाज चढायचा. मी शिंपी होऊ नये म्हणून ती शिवत होती, आणि हे तिने मला शंभरदा ऐकवलं होतं. आता चाळिशीत, परदेशात, घरी शिवणयंत्र आणलंय हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

पण कुतूहल माझ्या भीतीपेक्षा नेहमीच दांडगं ठरत आलंय. रविवारी फोन लावला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि तेवढ्यात लॉकडाऊन लागला, इस्पितळाने सगळं पुढे ढकललं. व्हिडिओ कॉल असला तरी ती फोन कानालाच लावायची. स्क्रीनभर मला फक्त तिचा कान दिसायचा.

“आई, एक वस्तू सापडलीय. पत्र्याची. दोन्हीकडून वळलेली.”

“खाली पाय आहे? स्क्रूचं भोक?”

“हो.”

“एक वळण वर, एक खाली?”

“हो! तुला कसं कळलं?”

मग ती म्हणाली, “फोल्डर आहे तो. माझ्याकडे होता तसला. तूच मोडलास.”

मला खरंच आठवत नव्हतं. आणि मग एकदम आठवलं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आई नळावर गेलेली. मशीनच्या खणातून मी ती वळलेली पट्टी काढली आणि वडिलांच्या पकडीने उलगडत बसलो. आत काहीतरी असणार, त्याशिवाय कोणी इतकं गुंडाळून ठेवेल का? सगळी सरळ केली तेव्हा हातात पत्र्याची साधी चपटी पट्टी उरली. आत काहीच नव्हतं. आई परत आली, तिने पट्टी पाहिली. मी मार खायच्या तयारीने भिंतीला टेकलो. तिने मारलं नाही. “मिळालं का आत काय होतं ते?” एवढंच विचारलं, आणि कळशी जागेवर ठेवली. त्या प्रश्नाचं उत्तर मला तीस वर्षांनी मिळत होतं, तेही तिच्याकडूनच.

“दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकव आणि एकमेकांत अडकव,” ती सांगू लागली. “वरच्या वळणात एक कापड घालायचं, खालच्या वळणात दुसरं. दोन्ही कडा दुमडतात, एकमेकींत अडकतात आणि सुईखाली जातात. वरून एक टीप, मग शेजारून दुसरी. कापलेली कड आत गडप. उलटीकडून बघ नाहीतर सुलटीकडून, सारखीच. झेंड्याला तीच शिवण लागते.”

“आणि मी मोडल्यावर गं?”

“मग काय, अंगठा होता की.”

आईच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आणि जाड आहे. वैशाखात त्याला चिंधी बांधलेली असायची. आयांचे अंगठे असेच असतात अशी माझी समजूत होती. मला स्वतःची लाज वाटली, सरळ सांगायचं तर रडू आलं, आणि ती मात्र विचारत होती, “तुला कुठे सापडला रे?” फुटपाथवर, म्हणालो. यंत्राचं काही बोललो नाही.

त्यानंतर मला शिवणींचा नाद लागला. जूनमध्ये इथे एक गंमत असते. मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि त्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. त्या वर्षी परीक्षाच रद्द झाल्या होत्या, पण झेंडे लागले, दप्तरंही लटकली. मी सायकल थांबवून त्या झेंड्यांच्या मागच्या बाजू बघत हिंडायचो. काहींच्या शिवणी मागून फिसकटलेल्या, काहींच्या सुरेख. एका घराचा मालक बाहेर आला. “काही हवंय का?” मी मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं की तुमच्या झेंड्याची शिवण बघतोय. तो जरा विचार करून म्हणाला, “सकाळपासून लोक विचारतायत पास कोण झालं. शिवण विचारणारे तुम्ही पहिलेच.” आणि त्याने झेंडा खाली ओढून मला मागची बाजू नीट दाखवली.

बायको म्हणाली, लोक लॉकडाऊनमध्ये पाव भाजायला शिकले, माझ्या नवऱ्याचं हे असं झालं.

दिवाळीच्या सुमारास आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “येत्या वैशाखापासून विहाराला छापील झेंडा आणायचं ठरलंय. मला सुईत दोरा ओवता येत नाही, हे कुणीतरी मंडळाला सांगितलं. बरं झालं. सुटले एकदाची.”

सुटलेला माणूस असं बोलत नाही. ऑपरेशन दुसऱ्यांदाही पुढे गेलं होतं. एकदा का छापील झेंडा चढला की नंतर डोळे सुधारले तरी कोणी तिच्याकडे येणार नव्हतं. सोय झालेली गोष्ट कोणी परत अवघड करून घेत नाही. हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. छापील झेंडा मी पाहिलाय. पुढून झगझगीत आणि मागून असा, की रंग आठवून बघावे लागतात.

मी ठरवलं की झेंडा मी शिवायचा. ठरवायला काय जातं? शनिवारच्या कापडबाजारातून उरलेसुरले पांढरे तुकडे आणले, फोल्डर सुईच्या पुढ्यात स्क्रूने बसवला आणि पायाने बटण दाबलं. मोटर जी सुटली ती पुढे मी आणि मागे कापड अशी आमची वरात निघाली. डाव्या हातातलं कापड वळणातून निसटायचं. डावं सांभाळलं की उजवं निसटायचं. दिवसभर मीटिंगा, त्यांच्यामधल्या वेळात हे. काही अडलं की आईला फोन करायचो आणि काहीतरी बहाणा काढून विचारायचो. दोऱ्याचा ताण कसा असतो गं? सुई कितव्या नंबरची? आणि ती उत्तर द्यायची, पण तिचा आवाज दिवसेंदिवस उतरत चालला होता.

एका दुपारी ती म्हणाली, “हे बघ, लाजू नकोस. मागून मशीनचा आवाज येतो मला. इथे पण कितीतरी पोरांच्या नोकऱ्या गेल्या. तू घरी ये. दुसरी खोली रिकामीच आहे.”

मी कपाळावर हात मारला. नोकरी शाबूत आहे, हे पटवायला बायकोला फोनवर बोलावं लागलं. तिच्यावर आईचा विश्वास बसतो. आईचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या ती माझ्यावर उखडली. “मग मशीनवर काय करतोयस? त्यासाठी शिकवलं का तुला?”

“झेंडा शिवतोय. विहाराचा.”

“काही गरज नाही. छापील येतोय.” आणि फोन बंद.

तीन रविवार तिने या विषयावर एक शब्द काढू दिला नाही. झेंड्याचं नाव काढलं की तिकडे कुकरची शिट्टी व्हायची किंवा दारात कोणीतरी यायचं. चौथ्या रविवारी मी काही न बोलता फोन मशीनशेजारी ठेवला आणि शिवायला लागलो. ती “हॅलो, हॅलो” म्हणाली. मी शिवत राहिलो. मग ती गप्प झाली. फोन बंद केला नाही, हेही मी पाहिलं. वीतभर गेलो असेन.

“थांब. सुटलं.”

मी थांबलो. कापड उलटून पाहिलं. खालची कड वळणातून बाहेर आली होती, बोटभर अंतरावर.

“तुला कसं कळलं?”

“कान फुटलेत का तुझे? चार पदरांतून सुई जाते तेव्हा ठक ठक असा भरलेला आवाज येतो. कड सुटली की तीन राहतात, मग पोकळ येतो. ऐक ना जरा.” मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली आणि तिला राहवेना. “आणि सुरुवातीचं टोक तिरपं काप, मुंडकं आत शिरत नाही तोवर धड कसं शिरेल? आणि ते बटण असं दाबू नकोस, कुणाचा जीव घेतोयस का?”

असा माझा वर्ग सुरू झाला. रविवारी सकाळी इथे अंधारलेलं असायचं, पाऊस काचेवर आपटत असायचा आणि मनमाडचा एक कान माझी टीप ऐकत असायचा. तिला काही दिसत नव्हतं, त्यामुळे मला फसवता येत नव्हतं. चेहरा हसरा ठेवून भागत नाही, कापड खोटं बोलत नाही. आठ-दहा रविवारांनी मलाही तो आवाज कळायला लागला. ठक, ठक, ठक, आणि मग एखादा पोकळ. तिने “थांब” म्हणायच्या आत मी थांबलो, तेव्हा ती नुसती “हं” म्हणाली. तसं “हं” मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं.

मग खरे रंग आणले. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, आणि शेवटी सहावा, ज्यात हेच पाच रंग लहान तुकड्यांनी एकाखाली एक जोडलेले. सरळ शिवणी झाल्या. पण तो सहावा पट्टा मोठ्या शिवणीला जोडायला गेलो आणि फोल्डर अडकला. चार ठिकाणी आडव्या शिवणी उभ्या शिवणीला भेटतात, तिथे कापडाची गाठच होते आणि ती त्या वळणात मावत नाही. जोर केला तर सुई मोडली.

“आई, हे तुझ्या फोल्डरने कसं व्हायचं?”

“नाही व्हायचं. तिथे फोल्डर चालतच नाही. तिथे कापड बाहेर काढायचं आणि अंगठ्याने दुमडायचं. नखाने दाब, ओलं कर, परत दाब.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तू मोडायच्या आधीपण तिथे अंगठाच होता. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.”

त्या चार जागांना मला अख्खा शनिवार लागला. सोमवारी टायपिंग करताना अंगठा ठणकत होता, आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

पार्सल वेळेत पोचेल की नाही, हा घोर होता. विहाराच्या मंडळाने आईला सांगितलं होतं, पौर्णिमेच्या आदल्या दिवसापर्यंत आला तर ठीक, नाहीतर छापील चढवू. तिकडे त्याच महिन्यांत साथीची दुसरी लाट उसळली. आईच्या गल्लीतली दोन माणसं गेली. आई दार लावून आत बसलेली, आणि मी इथे नकाशावर एका पार्सलचा ठिपका बघत बसलेला. तो ठिपका बारा दिवस मुंबईतून हलला नाही. माणसं जात असताना झेंड्याची काळजी करणं मला चुकल्यासारखं वाटायचं. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “मग आता कशाची करायची?”

पौर्णिमेला चार दिवस असताना पार्सल पोचलं. आत मी फोल्डरही घातला होता, तिचा तिला परत म्हणून. तिने फोनवरच सगळ्या शिवणींवरून अंगठा फिरवला. कापडाची खसखस मला ऐकू येत होती. एका जागी ती थांबली. “लाल आणि पांढऱ्याच्या चौकात घसरलास.” घसरलो होतो. मला वाटलं होतं कळणार नाही. “राहू दे,” ती म्हणाली. “आणि हा फोल्डर कशाला पाठवलास? परत घेऊन जा. पुढच्या वर्षी तुझ्या अंगठ्याला झेपायचं नाही.”

पौर्णिमेला सकाळी विहारात मोजक्याच माणसांना परवानगी होती. आई घरातच, खिडकीशी. मी फोन लावला. मागून वंदनेचे सूर आले, मग ते थांबले, आणि कापडाची फडफड ऐकू आली.

“चढला,” ती म्हणाली. “निळा कळतोय. पिवळा कळतोय. पुढे सगळं धुकं.”

मी वर्षभर विचारत आलेला प्रश्न पुन्हा विचारला. झेंडा इतका उंच असतो, शिवण कुणाला दिसते? दोन्ही बाजू सारख्या करायचा एवढा हट्ट कशाला? एरवी ती “झेंडा आहे तो, परकर नाही” म्हणून वाटेला लावायची. त्या दिवशी तिने सांगितलं.

“वारा नेहमी एकाच अंगाचा असतो इथे. समोरून येणाऱ्यांना पुढची बाजू दिसते. आपल्या खिडकीतून कायम मागची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुसऱ्यांनी शिवलेल्या झेंड्याचे लोंबलेले दोरेच बघितले. त्याचं काही नाही. पण मग तू त्या खिडकीत अभ्यासाला बसायला लागलास.”

खिडकीचा कडीकोयंडा वाजला, फडफड जवळ आली.

“ए,” ती म्हणाली, “आता माझ्याकडे कुठली बाजू आहे रे? शिवताना वर होती ती, का खालची?”

मी डोळे मिटले. एकेक पट्टा, एकेक शिवण आठवून पाहिली. त्यातली प्रत्येक टीप मी घातली होती.

“आई, मला नाही सांगता येत.”

“मग जमलं,” ती म्हणाली.